रान, शिवार, गाव : जी. ए. कुलकर्णी यांच्या वाटेवरचे पाच अनुवाद

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेवर कोणाकोणाचे संस्कार झाले, हा मराठी समीक्षेतला जुना प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही आता जवळजवळ ठरून गेले आहे. ग्रीक शोकांतिका, बायबल, महाभारत, सर्व्हान्टिस, दस्तयेव्हस्की, काफ्का, काम्यू अशी नावे ओळीने घेतली जातात. ती चुकीची आहेत असे मी म्हणणार नाही. ‘ऑर्फियस’ लिहिणाऱ्याने ग्रीक पुराणकथा वाचली होती आणि ‘यात्रिक’ लिहिणाऱ्याला डॉन क्विक्झोट ठाऊक होता, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. तरी या यादीत मला एक उणीव जाणवत आली आहे. ही सगळी जी. एं.नी वाचलेल्या लेखकांची यादी आहे. ज्या परक्या लेखकाची पुस्तके त्यांनी स्वतःच्या हाताने, शब्दाशब्दाला अडत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठीत लिहून काढली, तो या यादीत बहुधा नसतो. त्याचे नाव कॉनराड रिक्टर.

१९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत जी. एं.नी केलेले रिक्टरचे पाच अनुवाद प्रसिद्ध झाले : ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’, ‘रानातील प्रकाश’ आणि ‘स्वातंत्र्य आले घरी’. जी. एं.च्या ग्रंथसूचीत ही पुस्तके शेवटच्या परिच्छेदात, ‘अनुवादित’ या शीर्षकाखाली येतात. त्यांना एका ओळीपेक्षा अधिक जागा मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे. पण सूचीतली ही विभागणी मोडून सगळी पुस्तके प्रकाशनाच्या क्रमाने एका फळीवर लावली, तर वेगळेच चित्र दिसते. ‘निळासावळा’ १९५९, ‘पारवा’ १९६०, ‘हिरवे रावे’ १९६२, ‘रक्तचंदन’ १९६६. मग हे पाच अनुवाद. त्यानंतर ‘काजळमाया’ १९७२, ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’ १९७५, ‘पिंगळावेळ’ १९७७. पहिले जी. ए. आणि नंतरचे जी. ए. असे आपण वर्गात शिकवताना ज्या ठिकाणी रेघ मारतो, नेमक्या त्या ठिकाणी ही पाच पुस्तके उभी आहेत.

या जागेला काही अर्थ आहे का, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अर्थ आहे, असे माझे म्हणणे आहे. मात्र तो ‘रिक्टरचा प्रभाव’ या सरळ शब्दांत मावणारा नाही.

मी या पुस्तकांकडे कशी आले

आधी थोडे माझ्या वाचनाच्या जागेविषयी सांगायला हवे, कारण या लेखातला मुख्य मुद्दा मला ग्रंथालयात सुचलेला नाही. लग्न होऊन मी मुळशी तालुक्यातल्या महाळुंग्यात आले, तेव्हा आमच्या घरापासून मुळा नदीपर्यंत भाताची खाचरे आणि उसाचे फड होते. मी पुण्यात एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. संध्याकाळी परतल्यावर सासूबाई घरी नसल्या तर शेजारची मुले सांगत, ‘आजी रानात गेल्यात.’ मी शहरात वाढलेली. रान म्हणजे जंगल, एवढेच मला माहीत. इथे रान म्हणजे नांगरलेली, बांध घातलेली, सात-बाऱ्यावर नाव असलेली जमीन, हे कळायला मला काही दिवस लागले.

पुढे १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले. नदीपलीकडे हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या. आमच्या बाजूला आधी गोदामे, मग सदनिकांचे मनोरे आले. २०२१ साली पुणे महापालिकेत तेवीस गावे घेतली गेली, त्यांत महाळुंगेही गेले. सासूबाईंच्या हयातीत रान होते, शिवार होते, गाव होते, आणि आता पालिकेचा प्रभाग आहे.

साधारण त्याच सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून बाद झालेल्या पुस्तकांच्या ढिगात मला ‘रान’ आणि ‘शिवार’ सापडली. ‘गाव’ मी पुढे अप्पा बळवंत चौकातून मिळवले. रिक्टरच्या मूळ कादंबऱ्यांपैकी दोन मी विद्यार्थिदशेत वाचल्या होत्या आणि विसरूनही गेले होते. मराठी मुखपृष्ठावर ‘रान’ हा शब्द वाचला तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा : धारवाडच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला आमच्या सासूबाईंचा शब्द कसा सुचला?

रिक्टरची गोष्ट

कॉनराड रिक्टर १८९० साली पेनसिल्व्हेनियात जन्मला आणि १९६८ साली, म्हणजे हे मराठी अनुवाद निघत असतानाच, वारला. त्याची तीन कादंबऱ्यांची मालिका १९४०, १९४६ आणि १९५० साली आली. शेवटच्या कादंबरीला १९५१चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथा ओहायोच्या भूमीतली, अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होणारी. शिकार कमी झाली म्हणून वर्थ लकेट हा शिकारी आपले कुटुंब घेऊन पश्चिमेकडे निघतो. उंचावरून त्याची आजारी बायको जॅरी खाली पाहते, तर नजर पोचेल तिथवर नुसते झाडांचे शेंडे. ती त्या रानात मरते. धाकटी सुली गुरांमागे जाते आणि हरवते. बाप घर सोडून निघून जातो. उरलेल्या भावंडांना सांभाळते थोरली मुलगी, सेवर्ड. लिहिता-वाचता न येणारी ही मुलगी पुढे एका शिकलेल्या, व्यसनी, तऱ्हेवाईक वकिलाशी लग्न करते आणि झाडे तोडायला लागते.

दुसऱ्या कादंबरीत झाडांच्या जागी शेत येते, मुले होतात, प्रार्थनामंदिर येते, शाळा येते. नवऱ्याचा शाळेतल्या शिक्षिकेशी संबंध येतो आणि त्यातून एक मुलगी जन्मते. सेवर्ड ते गिळून शेतावर जाते. तिसऱ्या कादंबरीत त्याच जागी शहर उभे राहते. सेवर्ड श्रीमंत म्हातारी झालेली असते. तिचा सर्वांत धाकटा, आजारी, हळवा मुलगा चान्सी याला आपण या घरातले नाहीच असे लहानपणापासून वाटत असते. आईच्या कष्टांविषयी त्याच्या मनात तिरस्कार आहे. जन्मभर झाडांना शत्रू मानलेली सेवर्ड शेवटी रानातून झाडे आणवून आपल्या अंगणात लावते.

उरलेली दोन पुस्तके या मालिकेबाहेरची. ‘रानातील प्रकाश’मध्ये एका गोऱ्या मुलाला इंडियन जमातीने लहानपणी उचलून नेऊन आपला मुलगा म्हणून वाढवले आहे. १७६४च्या तहानुसार त्याला बळजबरीने गोऱ्यांकडे परत पाठवले जाते. तो पळून पुन्हा जमातीत येतो. पण ऐन प्रसंगी गोऱ्यांच्या नावेतले एक लहान मूल पाहून त्याचे मन द्रवते आणि तो नावेला सावध करतो. आता जमातही त्याला टाकते. त्याचा पाळणारा बाप त्याला नदीच्या उतारापर्यंत पोचवतो आणि मागे फिरतो. ‘स्वातंत्र्य आले घरी’चा नायक जर्मनीतून अमेरिकेत आलेला मुलगा आहे. प्रवासाच्या भाड्यापोटी तो वेठीला बांधला जातो आणि तिथून निसटतो.

पाच शीर्षके

या अनुवादांच्या भाषेचा ओळीओळीने अभ्यास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे मी फक्त शीर्षकांपाशी थांबते, कारण अनुवादकाचा पहिला निर्णय तिथे दिसतो आणि तो कोणालाही पडताळून पाहता येतो.

पहिल्या कादंबरीचे इंग्रजी नाव ‘द ट्रीज’. सरळ मराठी ‘झाडे’. जी. एं.नी ‘रान’ केले. झाडे मोजता येतात, एक तोडले की एक कमी होते. रान मोजता येत नाही. रानात माणूस वाट चुकतो, रानभूल पडते, रानात चकवा असतो. हरवलेल्या सुलीची कादंबरी ‘झाडे’ या नावाखाली उभी राहिली नसती. शिवाय, सासूबाईंच्या बोलण्यातून मला कळलेली दुसरी बाजू या शब्दात आधीपासून आहे : देशावर रान म्हणजे शेतही. म्हणजे जंगल तोडून शेत करण्याची संपूर्ण कादंबरी मराठीने एकाच शब्दात साठवून ठेवलेली होती. इंग्रजीत हे शक्य नाही.

दुसरी कादंबरी ‘द फील्ड्स’. ‘शेते’ न म्हणता ‘शिवार’. शेत एकाचे असते. शिवार गावाचे असते. सगळ्यांची शेते, त्यांमधले बांध, पायवाटा, ओढा मिळून शिवार होते. माणसे एकमेकांशेजारी राहू लागल्याखेरीज या शब्दाला अर्थ येत नाही, आणि दुसऱ्या कादंबरीचा विषय तोच आहे.

तिसरी ‘द टाउन’. इथे ‘नगर’ किंवा ‘शहर’ सहज चालले असते, कारण कथेतली वस्ती खरोखरच शहर होते. जी. एं.नी ‘गाव’ ठेवले. ते ज्या शहरात वाढले त्याच्या नावातच गाव आहे. मराठी माणूस मुंबईहून ‘गावी’ जातो तेव्हा तो वस्तीच्या आकाराविषयी बोलत नसतो, आपण कुठले याविषयी बोलत असतो. ज्या मुलाला आपण कुठलेच नाही असे वाटते, त्याच्या कादंबरीला ‘गाव’ हे नाव देण्यात एक दुखरी जाण आहे.

चौथे शीर्षक शब्दशः आहे, पण तिथेही ‘अरण्य’ किंवा ‘वन’ न येता ‘रान’च आले आहे. पाचव्या शीर्षकाने मात्र मला बराच वेळ थांबवले. मूळ नाव ‘द फ्री मॅन’, म्हणजे मुक्त माणूस. जी. ए. लिहितात ‘स्वातंत्र्य आले घरी’. माणूस गेला आणि घर आले! पहिले चार कथासंग्रह ज्याने घरांच्या आत कोंडलेल्या माणसांवर लिहिले, त्याला मुक्तीची गोष्टही घराच्या उंबऱ्यावरच आणून ठेवावीशी वाटली. पाच शीर्षकांत मिळून तीन-चारच शब्द आहेत : रान, शिवार, गाव, घर. घरापासून रानापर्यंत जाणारी ही वाट आहे. जी. एं.च्या स्वतःच्या कथेने त्याच वर्षांत तीच वाट धरली.

घरातून बाहेर

‘निळासावळा’ ते ‘रक्तचंदन’ या काळातल्या कथांची भूमी आपल्या ओळखीची आहे. बेळगाव-धारवाडकडची मराठी, कानडी मिसळलेली वस्ती. अरुंद बोळ, ओल धरलेल्या भिंती, उधारी, आजार, लग्न राहिलेल्या बहिणी, आयुष्यभर पिचून गेलेले बाप. माणसांना नावे आहेत, नात्यांना ओझे आहे. दुःख घरातून येते आणि घरातच मुरते. कोणाला बाहेर पडायचे असले तरी बाहेर म्हणून काही जागा त्या कथांत फारशी नसते.

‘काजळमाया’पासून ही भूमी उघडी होऊ लागते. राजे, विदूषक, भिक्षू, नाव नसलेले प्रवासी. ‘रमलखुणा’मध्ये ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत आणि दोन्हींत माणूस सतत चालत असतो. वाळवंट, डोंगर, नदी, ओसाड वस्ती, वाटेत भेटणारी अनोळखी माणसे. घराचे छप्पर काढून टाकल्यावर माणसाचे काय होते, हा प्रश्न या कथा विचारतात.

छप्पर काढणे हे विचाराचे काम जितके असते, तितकेच हाताचेही असते. लेखकाला विस्तीर्ण निर्मनुष्य भूमी लिहायची असेल तर त्याच्याजवळ तशी भाषा लागते. मराठी कथेला अंगण, माजघर, चाळ, वाडा, बांध हे सगळे उत्तम लिहिता येत होते. पण मैलोन्‌मैल माणूस नाही, रस्ता नाही, पुढे काय आहे ठाऊक नाही, अशा भूमीतून चालणाऱ्या माणसाची दीर्घ वाक्ये मराठी कथेत किती होती? जी. एं.नी ती पाच पुस्तकांमध्ये, काही हजार वेळा लिहून पाहिली. गवयाने दुसऱ्या घराण्याच्या चिजेवर दोन वर्षे मेहनत करावी, मैफलीत ती चीज कधीच गाऊ नये, पण आवाजाला जे वळण लागायचे ते लागावे, तसे हे आहे. अनुवाद ही त्यांची मेहनतीची खोली होती.

‘रानातील प्रकाश’चा दुवा याहून जवळचा आहे. दोन किनाऱ्यांच्या मध्ये सोडून दिलेला तो मुलगा जी. एं.ना अनोळखी वाटला असेल असे मला वाटत नाही. एकसंबा या बेळगाव जिल्ह्यातल्या गावी त्यांचा जन्म. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव आणि धारवाड दोन्ही म्हैसूर राज्यात गेली. कानडी मुलखात राहून, इंग्रजी शिकवून, मराठीत लिहायचे असे त्यांचे आयुष्य गेले. पोरकेपण हा त्यांच्या पहिल्या संग्रहापासूनचा विषय आहे, आणि पुढे ‘पिंगळावेळ’मधल्या ‘कैरी’त तो पोरक्या मुलाच्या रूपाने पुन्हा येतो. फरक असा की, सुरुवातीच्या कथांत पोरकेपण ही कौटुंबिक आपत्ती होती. नंतरच्या कथांत ती माणसाची स्थितीच होते : दोन्ही तीर पाहिलेले आणि कोणत्याच तीरावर जागा नाही. रिक्टरच्या मुलाला नदीच्या उतारावर सोडून दिले जाते तिथे त्याची कादंबरी संपते. जी. एं.चा प्रवासी त्या उतारावरून चालायला सुरुवात करतो.

तीन हरकती

या मांडणीवर तीन हरकती घेता येतील आणि त्या घ्यायला हव्यात.

पहिली कालक्रमाची. संग्रहाचे साल म्हणजे कथेचे साल नव्हे. ‘काजळमाया’तल्या कथा आधी मासिकांतून, दिवाळी अंकांतून येऊन मग संग्रहात गेल्या. शिवाय, नंतरच्या संग्रहांतही ‘कैरी’सारख्या घरातल्या कथा आहेतच. म्हणून ‘अनुवादांआधी वास्तव, अनुवादांनंतर रूपक’ अशी सुरीने कापल्यासारखी विभागणी मी करत नाही. वळण आधीच सुरू झाले असेल, तरी त्या वळणावर त्यांच्या हाताला कोणते काम होते, हे पाहण्याचे महत्त्व कमी होत नाही. उलट, वळू पाहणाऱ्या लेखकाला ते काम अधिक लागले असेल.

दुसरी हरकत हेतूची. त्या काळी अमेरिकन पुस्तकांचे मराठी अनुवाद मोठ्या संख्येने निघत होते आणि कितीतरी नामवंत लेखकांनी ते केले. त्यामुळे हे काम निवडीचे नसून सोयीचे असेल, असे म्हणता येईल. असेलही. पण एकाच लेखकाची पाच पुस्तके, तीही दोन वर्षांत प्रसिद्ध व्हावीत, एवढ्या प्रमाणात झालेल्या कामाचा हातावर परिणाम होत नाही असे ज्यांनी अनुवाद केला आहे ते म्हणणार नाहीत. जी. ए. पुढेही अनुवाद करत राहिले. युजीन हाइमलरच्या छळछावणीतल्या आठवणी त्यांनी १९८२ साली ‘वैऱ्याची एक रात्र’ या नावाने आणल्या, तर १९८७ साली गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ मराठीत आणली. शेवटच्या वर्षांत एकीकडे ‘बखर बिम्मची’ हे निर्मळ बालपणाचे पुस्तक आणि दुसरीकडे बेटावर एकमेकांच्या जिवावर उठणाऱ्या मुलांचा हा अनुवाद, ही जोडीही योगायोगाची मानून सोडून देण्यासारखी नाही.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे. रिक्टर आणि जी. ए. यांची जीवनदृष्टी एकमेकांच्या विरुद्ध आहे. रिक्टर वसवणाऱ्यांचा लेखक, जी. ए. नियतीचे. मग प्रभाव कसला?

जे त्यांनी घेतले नाही

ही हरकत मला मान्य आहे, आणि माझ्या मते या पाच अनुवादांचे खरे महत्त्व तिच्यातच आहे. लेखकाची वाट त्याने काय उचलले यावरून जशी दिसते, तशी त्याने काय समोर असून उचलले नाही यावरूनही दिसते.

रिक्टरच्या कादंबऱ्यांत दोन गोष्टी आहेत ज्या जी. एं.च्या नंतरच्या कथांत नाहीत : श्रम आणि साचत जाणारा काळ. सेवर्ड झाड तोडते आणि तिथे ऊन पडते. ती पेरते आणि गहू उगवतो. तिच्या हातांनी जग बदलते. ते चांगल्यासाठी बदलले की वाईटासाठी, हा प्रश्न तिसऱ्या कादंबरीत रिक्टर विचारतो, पण बदलले याविषयी शंका नाही. जी. एं.चा प्रवासी रान ओलांडतो. रान त्याच्यामुळे एका काडीनेही बदलत नाही. तो पेरत नाही, बांधत नाही, मागे काही ठेवत नाही. त्याला अनुभव येतो, ज्ञान होते, क्वचित मुक्ती मिळते. पण दुसऱ्या वर्षीचे पीक त्याच्या आयुष्यात नसते. इतक्या मोठ्या ताकदीच्या लेखकाने दीर्घकथेपर्यंत येऊन विस्तृत कादंबरीकडे पाठ का फिरवली, याचे एक उत्तर मला इथे दिसते. तीन पिढ्यांची कादंबरी कशी चालते हे त्यांनी हाताने लिहून पाहिले होते. ती त्यांना जमली नसती असे नव्हे. काळाच्या साचत जाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

इथे मी वाचक म्हणून जी. एं.पासून थोडी दूर होते, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. वर्गात मी वर्षानुवर्षे ‘माणूस आणि नियती’ हा धडा शिकवला. विद्यार्थ्यांना तो आवडे, मलाही आवडे. पण ज्या तालुक्यात १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि तरी जमिनी गेल्या, त्या तालुक्यात राहून ‘नियती’ हा शब्द मला दिवसेंदिवस अपुरा वाटू लागला. आमची खाचरे नियतीने गेली नाहीत. कागद झाले, सह्या झाल्या, पैसे आले, आम्ही ते घेतले. सेवर्डने आपल्याच हातांनी रान नाहीसे केले, आणि म्हातारपणी आपल्याच अंगणात झाडे लावली. या दोन कृतींच्या मधले जे ओझे आहे, ते नियतीचे नव्हे, केलेल्या कामाचे आहे. जी. एं.च्या कथेत हे ओझे वाहणारा माणूस मला सहसा भेटत नाही. त्यांच्याच हातून मराठीत आलेल्या ‘गाव’मध्ये तो भेटतो. रानाची दुसरी बाजूही, म्हणजे ज्यांच्याकडून ती जमीन घेतली गेली त्यांची बाजू, ‘रानातील प्रकाश’मध्ये आहे. जी. एं.च्या मराठी शब्दांत जे जग उभे आहे ते त्यांच्या स्वतःच्या कथांहून काही बाबतींत मोठे आहे. त्या जगाला ‘अनुवादित’ म्हणून शेवटच्या परिच्छेदात टाकण्यात आपण काय गमावतो ते इथे कळते.

एका कथेपुरता मात्र मला माझा आक्षेप मागे घ्यावासा वाटतो. ‘पिंगळावेळ’मधल्या ‘स्वामी’ या कथेत एक वाटसरू भूमिगत मठात अडकवला जातो. सुटका नाही. त्या कोंडलेल्या जागेत एक हिरवा जीव उजेडाच्या दिशेने वाढू लागतो आणि तो माणूस त्याला वाढवतो. आपण बाहेर जाणार नाही हे ठाऊक असताना दुसऱ्या कशाला तरी बाहेर जाऊ देणे, एवढेच काम त्याच्या हाती उरते आणि तो ते करतो. समीक्षेत या कथेकडे बंधन आणि मुक्तीचे रूपक म्हणून पाहिले जाते. ‘गाव’ वाचल्यानंतर मला त्या कोठडीत सेवर्ड दिसते : आपल्या मागे राहील अशा झाडाला पाणी घालणारी. तिची ही कृती जी. एं.नी तिथून उचलली असे मी सिद्ध करू शकत नाही, आणि तसा दावाही करत नाही. पण दहा वर्षांपूर्वी ज्या हाताने ती म्हातारी मराठीत लिहिली, त्याच हाताने हा स्वामी लिहिला, एवढे निश्चित आहे.

फळीवरची जागा

‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला आणि जी. एं.नी तो पुरस्कार परत केला, ही हकिकत आपल्याला तोंडपाठ आहे. त्यांचा एकान्त, त्यांचा काळा चष्मा, त्यांची पत्रे यांविषयीही आपण भरपूर बोलतो. त्यांच्या आयुष्यातल्या एवढ्या कामाच्या पाच पुस्तकांविषयी मात्र बोलत नाही. कोणी तरुण अभ्यासकाने मूळ इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवून, रानासाठी, अंतरासाठी, एकटेपणासाठी जी. एं.नी कोणते शब्द वापरले आणि त्यांतले कोणते पुढे ‘प्रवासी’त आणि ‘इस्किलार’मध्ये उतरले, याची नुसती यादी केली, तरी माझी मांडणी टिकते की पडते ते कळेल. ती पडली तरी चालेल. यादी झालेली असेल.

जी. ए. अखेरच्या काळात धारवाड सोडून पुण्यात आले आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यातच गेले. त्या वर्षी महाळुंग्यात आमच्या घरासमोर भात झोडपून झाला होता. आता तिथे वाहनतळ आहे. सासूबाई सातव्या मजल्यावर राहतात. नदीकडेची दहा-बारा गुंठ्यांची एक पट्टी अजून आमच्या नावावर आहे, तिच्यात गवताखेरीज काही नाही. सकाळी चप्पल घालताना त्या म्हणतात, ‘जरा रानात जाऊन येते गं.’ उद्वाहन खाली जाते.

मी घरातली फळी नव्याने लावली आहे. ‘रक्तचंदन’ आणि ‘काजळमाया’ यांच्या मध्ये ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ ठेवली आहेत. उरलेली दोन मिळाली की तीही तिथेच जातील.